आखाजीचं पाणी

१२ फेब्रुवारी १९८९, रविवार

भागाबाईच्या विहिरीचं पाणी मागच्या रविवारपेक्षा वीतभर खाली. मागच्या रविवारी तेच, त्याच्या मागच्या रविवारीही तेच. लिहायचाही कंटाळा आलाय, पण लिहायचं. आमच्या शाळेतल्या सिस्टर अगाथा म्हणायच्या, दिवसाचा झाडा दिल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकू नये. त्या आपापल्या पापांविषयी बोलत. मी या वयात दुसऱ्यांची मोजत बसले आहे.

विहिरीच्या काठावर मी पांढऱ्या रंगाची खूण केली आहे. तिथून टेप सोडायची. टोकाला लोखंडी नट बांधलाय. खाली डुबूक वाजलं की थांबायचं आणि आकडा वाचायचा. नाशिकला मुलींना जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर वडिलांच्या या घरात येऊन गुलाब लावायचं ठरवलं होतं. लागलाय एक कढीपत्ता, तोही भागाबाईने दिलेला, आणि तोही जगेल असं दिसत नाही.

पाणी जातं कुठे ते आंधळ्यालाही दिसेल. टेकडीमागे पारसमलशेठची दगडखाण आहे. हमरस्ता रुंद होतोय, त्याला खडी हवी. खाणीचा खड्डा विहिरीच्या तळापेक्षा खोल गेला. कातळातून झिरपून पाणी तिथे जमतं, आणि शेठचं डिझेल इंजिन ते उपसून नाल्यात सोडतं. नाला वाहतो, विहीर आटते. मागच्या पावसाळ्यात साक्रीची एस.टी. दोनदा पुलापाशी अडकली होती, एवढा पाऊस झाला. त्यामुळे दुष्काळाचं नाव कोणी घेऊ नये.

जूनमध्ये खाणीच्या परवान्याची मुदत संपते. शेठला आणखी खोल जायचंय. धुळ्याच्या भूजल खात्याने ‘आसपासच्या विहिरींवर परिणाम नाही’ एवढं लिहून दिलं की त्याचं काम झालं. मग भागाबाईची विहीर संपली, आणि या वस्तीला दुसरी विहीर नाही. म्हणून मी खात्याच्या साहेबाला भर उन्हाळ्यात, पाणी तळाला असताना, याच काठावर आणून उभा करणार आहे. दिसेल ते त्याने लिहावं. एवढंच.

भागाबाई घागर डोक्यावर घेता घेता म्हणाली, “मोजीसन पानी वाढस का, अक्का?”

मी कोणाची अक्का नाही हे तिला सांगणं मी सोडून दिलंय.


५ मार्च, रविवार

धुळ्याला अर्ज पाठवला. तिसरा. पहिल्या दोहोंचं उत्तर नाही. सोबत दर रविवारच्या आकड्यांचा आलेख जोडला. माझ्या नववीच्या मुलींना सुद्धा समजेल असा.

दुपारी दोन सुरुंग उडवले. कपाटातल्या बशा वाजल्या.


१९ मार्च, रविवार

भागाबाईचा दोर पुरेना. तिच्या मुलाने, झुलालने, जुन्या दोराला खाटेचा सुंभ जोडला. हा झुलाल खाणीतच ट्रॅक्टरवर आहे. मी त्याला म्हटलं, “ज्या खड्ड्याने तुझ्या आईची विहीर गिळली त्याच खड्ड्यात कामाला जायला लाज वाटत नाही?”

तो हसला. “लाज वाटस ना अक्का. पन ती खाई पोट भरत नही.”

या लोकांना राग येत नाही, हाच माझा राग आहे. सगळा राग मी एकटीने करायचा, आणि यांनी माझ्याकडे टेकाडावरच्या वेड्यासारखं कौतुकाने पाहायचं.


२ एप्रिल, रविवार

खात्याचं उत्तर आलं! देवरे नावाचे साहेब. ‘उन्हाळी मोजणीच्या वेळी आपल्या विहिरीची पाहणी करण्यात येईल.’ तारीख दिलेली नाही. तारीख दिली तर ते सरकारी पत्र कसलं?

पण उत्तर आलं. मी ते तीनदा वाचलं, मग स्वतःवरच चिडून घडी करून ठेवलं.


२३ एप्रिल, रविवार

तळ दिसतो. मधे एक डबकं, त्याच्याभोवती ओला गाळ. बायका पहाटेपासून पाळीने झऱ्याजवळ वाटीने पाणी भरतात. पाणी मात्र गोड आणि नितळ. आमच्या शाळेच्या नळालाही असं पाणी नव्हतं. एवढ्याशा पाण्याला चव असावी, ही सुद्धा एक चेष्टाच.

भागाबाईच्या डोक्यात पाणी नाही, आखाजी आहे, म्हणजे अक्षय्य तृतीया. धाकटी लेक बेबाबाई माघात सावद्याला दिली. केळीच्या बागांचा मुलूख, बारमाही कालवा. तिची ही पहिलीच आखाजी. तिला पोहोचवायला व्याही स्वतः येणार आहेत. भागाबाईने अंगण सारवलं, निंबाला झोका बांधायची फांदी ठरवली, सांजोऱ्यांचा रवाही आणला. मी म्हटलं, “आणि पाणी? की व्याह्यांना सांजोऱ्या कोरड्याच गिळायला लावणार?”

तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, “तुम्हना दादासाहेबनी घागर कोण भरस, अक्का?”

दादासाहेब म्हणजे माझे वडील, साक्रीला रेंजर होते. इथे आखाजीला घरोघर पितरांच्या नावाने नवी घागर भरून पुजतात. वर छोटं मडकं, त्यावर खरबूज.

“कोणी नाही,” मी म्हटलं. “आमच्याकडे ती पद्धत नाही.”

“पद्धत नही? मंग त्यास्ले तहान बी लागत नही का?”

मी उलट विचारलं, “तुझ्या पितरांना तरी काय पाजणार? गाळ?”

“काई बी होवो, पितरस्ले परकं पानी चालत नही. आपली हीरनंच लागस,” म्हणाली, आणि गेली. विहिरीत आहे त्या पाण्याचीही मेलेल्यांना वाटणी! देवधर्माला मी नावं ठेवत नाही, नन्सनी ती सवय मोडली. पण पितरांपेक्षा जिवंत माणसांनी तहानेविषयी थोडा विचार केला तर बरं.


२ मे, मंगळवार

साक्रीहून धुळ्याला फोन लावला. दीड तास टपाल कचेरीच्या बाकावर. देवरे साहेब भले वाटले, आवाज तरुण. म्हणाले, “मॅडम, नऊ तारखेला जीप मिळेल असं वाटतं. तुम्ही धुळ्यात असाल तर वाट दाखवायला बरं.”

मी जाणार. जीप दुसऱ्या कोणी पळवू नये म्हणून आधीपासून जाऊन बसणार. लीलाकडे उतरेन, माझी शाळेतली मैत्रीण.

गावात कोणालाही तारीख सांगायची नाही, हे मी ठरवलं आहे. झुलाल खाणीत, सरपंचाचा ट्रॅक्टर खाणीत, वाण्याची उधारी खाणीवर. तारीख इकडे कळली की संध्याकाळी शेठच्या ओट्यावर. मग इंजिन चार दिवस बंद, आणि साहेब आले की विहिरीत पाणी. ही माणसं वाईट नाहीत, पण त्यांच्या पोटात पाणी ठरत नाही. भागाबाईला सांगितलं, लीलाची तब्येत बरी नाही.

“आखाजीले येशात ना?” तिने विचारलं.

“बघू,” म्हटलं.


६ मे, शनिवार. धुळे

निघण्याआधी पाहिलं. डबकंसुद्धा सुपाएवढं राहिलंय. टेप गाळात रुतली. एवढं वाईट दृश्य पाहून मला बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवते. सिस्टर अगाथांनी याला काय म्हटलं असतं कोण जाणे.


८ मे, सोमवार. धुळे

आखाजी. लीलाच्या शेजारी झोके, गाणी, आमरस. कचेरीला सुट्टी. देवरे साहेबांच्या घरी जाऊन जीपची खात्री केली. त्यांच्या बायकोने पुरणपोळी खायला लावली. साहेब जेमतेम तिशीचे, कपाळावर आताच आठ्या. सोळा तालुक्यांची कामं आणि एक जीप, असं म्हणाले. सोळा तालुके एका जिल्ह्यात कुठून आले, विचारलं. म्हणाले, “थकल्यावर तेवढे वाटतात, मॅडम.”

माणूस आवडला.


९ मे, मंगळवार

आजच लिहायला हवं.

साडेदहाला पोहोचलो. विहिरीवर ही गर्दी. गावच्या सगळ्या माहेरवाशिणी नव्या लुगड्यांत, हातभर बांगड्या, पाणी शेंदताहेत आणि एकमेकींच्या अंगावर उडवताहेत. उडवताहेत! मला वाटलं मला भ्रम झाला.

मी काठाशी गेले. पाणी वर. हात घातला तर लागेल असं नाही, पण माझ्या खुणेपासून फार खालीही नाही. दिवाळीत असतं तेवढं.

देवरे साहेबांनी स्वतःची टेप सोडली. एकदा, दुसऱ्यांदा. मग माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, इथे तर पाणी आहे.”

“काल नव्हतं. परवा नव्हतं. शनिवारी गाळ होता.”

“शनिवारचा गाळ मला आज कसा दिसेल?”

मी भागाबाईकडे वळले. ती निंबाखाली उभी होती. शेजारी बेबाबाई आणि फेटा बांधलेले व्याही, ते खुशीत. म्हणाले, “पाणी मुबलक दिसतं हो तुमच्याकडे. आम्ही उगाच काहीबाही ऐकलं होतं.”

“भागाबाई,” मी सगळ्यांसमोर विचारलं, “टँकर आला होता का? खरं सांग. साहेब सरकारी आहेत.”

झुलाल खाली पाहू लागला. बेबाबाईने हसता हसता कळशी धरून ठेवली. भागाबाईने आधी व्याह्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने डोक्यावरचा पदर नीट केला.

“नही अक्का. कसाना टँकर? आपली हीरले पानी शे ना. बठ्ठं आपलंच पानी शे.”

साहेबांनी आकडा लिहिला. मी त्यांचा हात धरला असता, पण काय सांगून? मीच हजारो मुलींना सांगितलंय, जे दिसतं ते लिही, जे दिसावंसं वाटतं ते नाही. ते सगळं त्यांनी माझ्या तोंडावर न बोलता केलं.

रागाच्या भरात मी म्हटलं, “निदान नमुना घ्या. पाण्यात काय आहे ते तरी तपासा.” त्यांच्याकडे बाटल्या होत्या. घेतला. जीपमध्ये बसताना म्हणाले, “तुमचा आलेख मी पाहिला होता, मॅडम. चांगला आहे. पण तुमच्या टेपला सही-शिक्का नाही.”

घरी येऊन दार लावलं. बाहेर झोक्यावर गाणी चालली आहेत. गळे चांगले आहेत मेल्यांचे.


१० मे, बुधवार

पारसमलशेठच्या पेढीवर गेले. बायकोने, सुगनबाईने, ताकाचा पेला पुढे केला. मी घेतला नाही. मग तहान लागली म्हणून घेतला.

“किती टँकर ओतलेत?” मी विचारलं.

शेठने लपवलंही नाही. “बाईजी, झुलाल आला. हात जोडून उभा. म्हणाला, बहिणीची पहिली आखाजी, व्याही येणार, घरात पाणी नाही. माझ्याकडे दोन मुली आहेत, त्या पण आखाजीला येतात. इंजिन चालूच होतं, टँकर भरून दिले. सण आहे, नाही कसं म्हणणार?”

“आणि साहेब नऊ तारखेला येणार हे तुम्हांला माहीत नव्हतं!”

“आपण कोणाला सांगितलं होतं का?”

“नाही.”

“मग मला कसं माहीत असणार?”

असं गोड बोलणं मी बोर्डाच्या परीक्षकांकडून सुद्धा ऐकलेलं नाही. हा सगळा पूर्वनियोजित कट आहे यात मला शंका नाही. टपाल कचेरीतून फुटलं असणार. तिथला तो कारकून मी बोलत असताना उगाच पानाचा डबा शोधत इकडून तिकडे फिरत होता.

मी निघताना सुगनबाई हळूच म्हणाली, “बाईसा, पाणी तर त्यांचंच आहे ना? इकडून तिकडे गेलं, परत दिलं.”

तिला वाटलं ती मला शांत करतेय.


११ मे, गुरुवार

भागाबाई आली. पाहुणे गेल्यावर. हातात घागर, नवीकोरी, लाल, गळ्याला सूत बांधलेलं, तोंडावर पळसाचं पान. ओसरीवर ठेवली आणि खालीच बसली.

मी बोलून घेतलं. पदर तोंडात धरून सगळं ऐकलं तिने. तुझ्या खोट्यामुळे खाण खोल जाईल, तुझी विहीर जाईल, लेकीची अब्रू राखलीस आणि सगळ्या वस्तीचं पाणी घालवलंस, असं सगळं.

“व्याही समोर उभा व्हतात,” ती म्हणाली. “पोरले रोज बोलतीन, तुना मायना घर पानी नही. मी काय सांगू?”

“खरं सांगायचं!”

“मंग तुम्ही आम्हले सांगं कसाले नही, साहेब येवाना शे म्हनीसन? झुलाल टाकूच नही देता पानी.”

“तुम्हांला सांगितलं असतं तर शेठला कळलं असतं.”

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली, जशी आपल्या दोराकडे पाहत होती, पुरेल की नाही असं. मग उठली.

“दादासाहेबनी घागर शे. तुम्ही आखाजीले उनातच नही. मीच भरी, मीच पुजी. आते तुम्हना घर ठेवा.”

माझ्या वडिलांच्या नावाने त्या टँकरचं पाणी! डिझेलच्या इंजिनाने उपसलेलं, शेठच्या दयेचं. माझ्या वडिलांनी चोरट्या लाकडाच्या गाड्या अडवल्या, कोणाच्या घरचं पान खाल्लं नाही. ती फाटकापर्यंत पोहोचली नसेल तोवर मी घागर उचलून कढीपत्त्याच्या मुळाशी रिकामी केली. तिने वळून पाहिलं. पाहू दे.

घागर थंड होती. हाताला अजून गार लागतंय.


१४ मे, रविवार

मोजलं. पाणी पुन्हा खाली, रोजच्यापेक्षा जास्त वेगाने. ओतलेलं पाणी जिथून आलं तिथे परत निघालंय. मी ते लिहिलं. कोणासाठी, माहीत नाही.

भागाबाई विहिरीवर होती. बोलली नाही. मी सुद्धा नाही.


३ जून, शनिवार

देवरे साहेबांना सगळं कळवलं होतं, त्यांचं उत्तर. माणूस सभ्य आहे. लिहितात, मला तुमच्यावर विश्वास आहे, पण गावकऱ्यांचा जबाब नसेल तर आकडा तोच राहील. पुढची मोजणी दिवाळीच्या सुमारास. अहवाल वर गेला आहे.

जबाबासाठी झुलालकडे गेले. तो तयार झाला, हे मला इथे लिहायलाच हवं. “अंगठा कोठे लावू, सांगा,” म्हणाला. तेवढ्यात भागाबाई आतून आली आणि विचारलं, कागद धुळ्यालाच राहील ना? सावद्याला जाणार नाही ना? मी सांगितलं, सरकारी कागद आहे, कोणीही वाचू शकतं. ती झुलालकडे पाहत राहिली. झुलालने अंगठा धोतराला पुसला, अजून शाई लागलीही नव्हती.

मला आग्रह करता आला असता. केला नाही. थकले.


२२ जून, गुरुवार

परवाना मिळाला. ‘परिसरातील विहिरीची पाणीपातळी समाधानकारक.’ खाणीवर पेढे वाटले. आमच्या फाटकाशीही पुडा ठेवलेला होता. कावळ्यांनी खाल्ला.


६ जुलै, गुरुवार

हे वाचून आधी हसू आलं.

नमुन्याचा निकाल आला. पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी पट. तेलाचा अंश. ‘पिण्यास अयोग्य, लहान मुलांस घातक.’ कारण म्हणून लिहिलंय, ‘विहिरीजवळ गुरांचा वावर असावा.’

गुरांचा वावर! सुरुंगाची दारू कशाची बनते ते मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होते. अमोनियम नायट्रेट. खाणीच्या खड्ड्यातलं पाणी त्यात मुरलेलं असतं. तेच टँकरमध्ये, तेच विहिरीत, आणि मी साहेबांना म्हणाले, नमुना घ्या. मीच म्हणाले.

म्हणजे पातळी खाणीच्या पाण्यामुळे चांगली, आणि विहीर खाणीच्या पाण्यामुळे वाईट. पातळी चांगली म्हणून खाण चालू. पाणी वाईट म्हणून विहीर बंद. एवढं सरळ प्रमेय मी आयुष्यात सोडवलेलं नाही.


११ जुलै, मंगळवार

एक माणूस रंगाचा डबा घेऊन आला. काठावर लाल अक्षरांत ‘पिण्यास अयोग्य’. नेमकं माझ्या पांढऱ्या खुणेवर. मी म्हटलं, जरा बाजूला लिही. म्हणाला, “बाई, हीच जागा सपाट शे.”

झुलाल, सरपंच धनसिंग, सगळे उभे राहून बघत होते. धनसिंग म्हणाला, काळजी नको, शेठ टँकर देणार आहेत, रोज, फुकट, हमरस्त्यापलीकडच्या बोअरचा. रविवारी नारळ फोडायचाय. “अक्का, तुमच्या हाताने फोडा. गावात तुम्हीच शिकलेल्या.”

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. धनसिंग दोन पावलं मागे सरला एवढं खरं.


१८ जुलै, मंगळवार

धुळ्याला जाऊन आले. देवरे साहेबांनी उठून खुर्ची दिली. मी सगळी साखळी सांगितली, सुरुंग, खड्डा, टँकर, विहीर. त्यांना पटलं. पटल्यावर चेहरा आणखी दमला.

“मॅडम, तुलना करायला काही हवं. एवढ्या लांबून आलात म्हणून सांगतो. त्या विहिरीचा आखाजीच्या आधीचा, एक बाटलीभर नमुना असता, तर मी फेरतपासणी मागितली असती. विहिरीचं मूळ पाणी स्वच्छ, आणि ओतल्यावर बिघडलं, हे दिसलं असतं. मग ‘पिण्यास अयोग्य’ विहिरीला नाही, खाणीला लागलं असतं. पण असं जुनं पाणी कोण जपून ठेवतं?”

“कोणी नाही,” मी म्हटलं.

माझं सगळं लक्ष पातळीवर. इतक्या रविवारांत एक बाटली भरून ठेवायचं सुचलं नाही. परतीच्या एस.टी.त शेजारच्या बाईच्या कोंबडीने माझ्या पिशवीतल्या आलेखावर घाण केली. पुसली नाही.


३० जुलै, रविवार

मोजायला गेले. आता कशासाठी विचारू नये. खूण लाल रंगाखाली गेलीय, पण बोटाला तिचा उंचवटा लागतो. पाऊस झालाय, विहिरीत पाणी आहे, कोणी भरत नाही. दोर काढून नेलेत. दगडांवर शेवाळ धरू लागलं.

भागाबाई टँकरची कळशी घेऊन चालली होती. थांबली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. माझ्या टेपचा नट दगडांच्या फटीत अडकला होता, तिने टेप हातात घेऊन झटका दिला, सुटला.

“तुम्हना कढीपत्ता कसा शे?” तिने विचारलं.

“जगला,” मी म्हटलं. “मरायला टेकला होता, आता पालवी फुटलीय.” आणि मग, ती निघायच्या आत, कारण मला तिथे सोपं काही सुचेना, म्हटलं, “घागर ओतली म्हणून राग आला असेल तुला.”

“राग कसाना. दादासाहेबनं पानी झाडले गयं, चांगलंच व्हयनं.” ती कळशी सावरू लागली. “वाईट इतलंच वाटनं, तेवढ्यासाठे रात पहाट करी व्हती मी. टँकर येवाना पहिले. तयमा उतरीसन, वाटीघाई भरी. पाच घागरी निंघन्यात, बठ्ठा पितरस्न्या. पुजा झायी नि त्यास्नं पानी बठ्ठासनी तुळशीले वती टाकं. तुम्हनीच येक ठेयेल व्हती, तुम्ही नव्हतात म्हनीसन.”

“टँकरच्या आधी? तळात उतरून, वाटीने?”

“मंग? तुम्हले सांगं व्हतं ना. पितरस्ले परकं पानी चालत नही.”

सांगितलं होतं. एप्रिलमध्ये. मी इथे लिहूनही ठेवलंय, आता मागे जाऊन पाहिलं. शब्द न् शब्द. साहेबांना बाटलीभर हवं होतं, माझ्या ओसरीवर घागरभर होतं.

तिने विचारलं, “काय झायं अक्का?” मी म्हटलं काही नाही, ऊन लागलं. आभाळ भरलेलं होतं. तिने कळशी खाली ठेवली, पाणी दिलं. टँकरचं. मी प्यायले.

तिला सांगितलं नाही. सांगून तिने काय करायचं?

संध्याकाळी वरणाला फोडणी दिली. मोहरी, हिंग. कढीपत्ता दारातच आहे, हात लांब केला की येतो. आज नाही घातला.